आईची रुंदी

लेसिएलीनं गुंडाळलेला फ्लेक्स दुकानाच्या टेबलावर टाकला आणि दोन्ही हातांनी उलगडला. वरचं टोक पलीकडे लोंबलं, खालचं तिच्या पायांवर आलं.

"ही कोण?" तिनं विचारलं.

फ्लेक्स छापणाऱ्या पेनिसिमानीनं चष्मा लावून पाहिलं. "तुझी आई."

"नीट बघून सांग."

त्यानं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. नेयाफू गावात लेसिएलीच्या आईला, कालोलाइनेला, कोण ओळखत नव्हतं? ती चर्चच्या बाकावर बसली की शेजारचा माणूस आपणहून सरकायचा. हसली की आधी तिचे खांदे हसायचे. फ्लेक्सवरच्या बाईची मान बगळ्यासारखी होती, चेहरा दुधी भोपळ्यासारखा लांब, आणि खांदे कुठे गेले होते देव जाणे. उद्या तिला जाऊन वर्ष होत होतं. थडग्यावर नवी पांढरी वाळू पसरून मागे हा फ्लेक्स उभा करायचा होता. मग घरच्यांनी वर्षभर घातलेले सुतकाचे काळे कपडे उतरवायचे.

पेनिसिमानी सांगू लागला. लेसिएलीनं दिलेला फोटो आडवा, फ्लेक्स उभा. मग त्यानं फोटो वर-खाली ताणून जागा भरून काढली. शिवाय छापायच्या आधी तो ऑकलंडला साइमोनेला पाठवला होता. त्याला तर फार आवडला. आई किती छान बारीक दिसतेय, असं म्हणाला.

भावाचं नाव ऐकताच लेसिएलीची कानशिलं तापली. शेवटच्या दिवसांत आईचं अंग झडलं होतं. तेव्हा तिला उचलून बसवताना लेसिएली रडायची, आणि आई म्हणायची, माझं वजन परत आण गं कुठून तरी. ते बारीक होणं साइमोनेनं पाहिलं नव्हतं. त्याला ते छान वाटत होतं.

"पुन्हा कर," ती म्हणाली. "ती होती तेवढी रुंद दिसली पाहिजे."

तिनं स्टूल ओढलं आणि त्याच्या शेजारीच बसली. त्यानं मूळ फोटो उघडला. चर्चच्या जेवणाचा दिवस. मधोमध खुर्चीत आई, एका बाजूला भाजलेल्या डुकराचं ताट, दुसऱ्या बाजूला उभी लेसिएली, आईच्या खांद्यावर हात ठेवून.

या वेळी त्यानं फोटोचा कोपरा धरला. लांबी वाढली तशी रुंदीही वाढत गेली, आणि आई हळूहळू आईसारखी होऊ लागली. फ्लेक्सची उंची भरली तेव्हा दोन्ही बाजूंचं बरंच काही चौकटीबाहेर गेलं होतं. ते कापावं लागणार, पेनिसिमानी म्हणाला. ताट गेलं. मग त्यानं लेसिएलीकडे पाहिलं.

"तूही जातेस."

"जाऊ दे."

आईचे खांदे चौकटीत काठोकाठ बसले. एका खांद्यावर मनगटापासून तुटलेला हात तेवढा राहिला. तो पुसून त्या जागी झग्याची फुलं भरून देतो, असं पेनिसिमानी म्हणाला.

"तिथला खांदा कसा होता ते तुला काय ठाऊक?" लेसिएलीचा आवाज चढला. "मनानं काही भरू नकोस. आहे तसं छाप."

दुसऱ्या दिवशी सकाळी साइमोने विमानतळावरून थेट कबरस्तानात आला. नवा फ्लेक्स पाहून त्याचा चेहरा उतरला. वायमोआना आत्या चटईवर बसली होती. आत्यापुढे घरात कुणी चढ्या आवाजात बोलत नसे, म्हणून तो हळू आवाजात कुरकुरला. पहिला चांगला होता, तो का बदलला? ऑकलंडचे लोक फोटो बघणार. मी तिकडून नवीन करून पाठवतो.

"आई बारीक नव्हती," लेसिएली म्हणाली. ती थडग्यामागच्या खांबाला फ्लेक्सचं वरचं टोक बांधत होती.

"नसेल. पण हे मध्येच काय? कुणाचा हात आहे हा?"

लेसिएलीनं सुंभ दातात धरून गाठ आवळली. आत्यानं मान वर केली.

साइमोने फ्लेक्सच्या अगदी जवळ गेला. खांद्यावरच्या हाताला अंगठ्याखाली भाजल्याचा लांबट डाग होता. मग त्याची नजर खांबाकडे गेली, गाठ मारणाऱ्या बोटांकडे आणि अंगठ्याखालच्या तशाच डागाकडे.

त्यानं कोट काढून कबरस्तानाच्या भिंतीवर टाकला.

"दे इकडे, लेसी. वरचं मी बांधतो."

तिनं टोक सोडलं नाही.

"खालचं बांध," ती म्हणाली. "आणि ताणू नकोस."