घाटावरचं पोतं

राहीबाईंनी थोरल्या लेकाच्या हातातून मोबाईल काढून घेतला, चष्मा पदराला पुसला आणि फोटो डोळ्यांजवळ नेला.

सांगलीचा कृष्णाघाट, तिन्हीसांजेची वेळ, फोटो पुलावरून काढलेला. पायरीवर धाकटी सून क्रांती आणि तिला खेटून एक काळपट आकार. खाली पाठवणाऱ्यानं लिहिलं होतं, ‘भावजयीकडं लक्ष हाय का?’ धैर्यशीलला जाऊन चार वर्षं झाली होती. त्याची ही बायको सांगलीत हळदीच्या पेढीवर कामाला होती, शनिवारी तेवढी रहिमतपूरला घरी यायची. आता ते काम बंद, असं थोरल्या वीरधवलनं परस्पर ठरवूनही टाकलं होतं. क्रांती स्वयंपाकघराच्या दारात ताठ मानेनं उभी होती.

राहीबाईंना संताप आला. ऐन तिशीत त्यांचं कुंकू पुसलं गेलं, तेव्हा गावाला त्यांच्या दारातल्या शेवग्याच्या सावलीतही पुरुष दिसायचा.

“गडी कुठं हाय ह्यात? हळदीचं पोतं हाय ते.”

वीरधवल हसला. पण त्याची बायको राजेश्वरी पुढं वाकली आणि म्हणाली, व्हय की, वर तोंड बांधल्यालं पन दिसतंय. वीरधवलनं मोबाईल परत घेतला. त्याचा जन्म दुकानात पोती उतरवण्यात गेलेला. त्यानं फोटो मोठा केला, लहान केला, उजेडाकडं धरला. मघाचा गडी काही केल्या सापडेना. सुतळीची गाठ मात्र आता त्यालाही दिसायला लागली.

“सोमवारी ती कामावर जानार,” राहीबाई म्हणाल्या. “आन पुन्ना असली चित्रं माझ्या घरात आनायची न्हाईत.”

तो चपला पायात सरकवून दुकानाकडं गेला. राजेश्वरी धुणं घेऊन परसात गेली.

पोत्याला टेकून कुणी इतकी सैल मान टाकत नाही, हे राहीबाईंना पहिल्या नजरेतच कळलं होतं. नवऱ्याच्या खांद्यावर त्याही कधीकाळी अशाच टेकत. त्या सुनेजवळ आल्या.

“आत्ती, मी सांगनारच हुते.”

“नाव काय त्येचं?”

“अमृत.”

“फुडच्या रविवारी घेऊन ये त्येला. भर दुपारी, फुडल्या दारानं. म्हंजी कुनाला डोळं बारीक करून बघाय लागायचं न्हाई.”