रायभानच्या हातातला कुंचा

मी एक जुना मोरपिसांचा कुंचा आहे. सोनपेठकडच्या एका खेड्यात, रायभान धनगराच्या घरी, आढ्याला खोचलेला असतो. मेंढरं चारताना गोदाकाठी सापडलेली पिसं रायभानने जमवली, बकरीच्या केसांच्या दोरीने घट्ट बांधली आणि मी जन्मलो.

रायभान गावचा देवऋषी होता. लेकरू तापलं की बाया त्याच्या दारात यायच्या. तो मला डोक्यापासून पायापर्यंत फिरवायचा. पुष्कळ लेकरं आपोआपच बरी व्हायची, पण मान आम्हा दोघांना मिळायचा. मित्रांनो, तेव्हा माझा तोरा काय वर्णावा!

निजामाचं राज्य जाऊन दोनेक वर्षं झाली असतील. रायभानची एकुलती लेक कडू घटसर्पाने आजारी पडली. तिला श्वास घेता येईना. त्याची बायको कमलबाई म्हणाली, "गाडी जुंपा. परभणीच्या मिशनच्या दवाखान्यात सुई देतेत."

"गावाची लेकरं माझ्या हातानं उठत्यात अन् मी माझीच पोर दवाखान्यात न्यू? लोक काय म्हनतील?"

तो दिवसभर मला फिरवत राहिला. दिवस मावळायच्या आत कडू गेली.

त्यानंतर रायभान वेड्यासारखा भटकला. शेवटी त्याच मिशनच्या दारात जाऊन बसला आणि पुढे ख्रिस्ती झाला. तिथल्या पाळकसाहेबांनी मला जाळायला सांगितलं. त्याच्याने ते झालं नाही. मी आढ्याला धूळ खात पडलो, मला कसर लागली. "असल्या हाताचं देवाला काय काम?" असं तो पुटपुटायचा.

एके दिवशी गावातली कासाबाई नातीला घेऊन आली. तोच घटसर्प. "रायभानदादा, तेवढं झाडा."

रायभानने मला खाली काढलं. मला केवढा आनंद झाला! पण त्याने मला तिच्यासमोर जमिनीवर ठेवलं. "कासाबाई, ह्याच कुंच्याखाली माझी कडू गेली. म्या दवाखान्यात नेली न्हाई. आता गाडी जुंपतो, चल."

दुसऱ्या कुणाचं तिने ऐकलं नसतं. ती नातीला उचलून गाडीत बसली. नात वाचली.

तेव्हापासून आजारी लेकरू घेऊन कुणी आलं की मी खाली येतो, रायभान कडूचं मरण पहिल्यापासून सांगतो आणि मग दवाखान्यासाठी गाडी जुंपतो. कमलबाई कानांवर हात ठेवून मेंढरांच्या वाड्याकडे निघून जाते. ती त्याच्याशी बोलत नाही.

"देवानं तुमचं मागचं दुःख वाया जाऊ दिलं नाही," एकदा पाळकसाहेब त्याला म्हणाले.

"खरं हाय, साहेब," रायभान म्हणाला. "पर माझी पोर तेवढी वाया गेली."

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मी सांगणार नाही. माझ्याने कुणाचा ताप कधी उतरला नाही. मला खुशाल चुलीत घाला. पण तुमच्यातलं कुणी त्या गाडीतून बरं होऊन परत आलं असेल, तर त्याने एकदा रायभानकडे जावं. लेकरू वाचलं की सगळे आनंदाने आपापल्या घरी जातात, आणि तो एकटाच रडत बसतो.