हौसाचा दुधी

दापोड्यातल्या त्या गोडाऊनमागच्या बागेत माणसं एकमेकांना सगळं काही कोपरानं दाखवायची. भेंडी दाखवायची तर कोपर पुढे, टोमॅटो दाखवायचा तर हनुवटी वर. नव्या माणसाला वाटायचं, इथल्या सगळ्यांच्या बोटांना एकदमच काहीतरी झालंय. झालं काहीच नव्हतं, हौसाचा तसा हुकूम होता.

नारपोलीची त्यांची बिल्डिंग धोकादायक ठरवून रिकामी केली, तेव्हा तिथल्या कुटुंबांना या गोडाऊनमध्ये आणून ठेवलं. मध्ये साड्यांचे पडदे लावले, झाली घरं. जेवण एका संस्थेच्या सामाईक चुलीवरचं, म्हणजे बहुतेक खिचडीच. पुढे त्याच संस्थेनं मागची पडीक जागा खणून दर कुटुंबाला एकेक वाफा आणि बियाणं दिलं. हौसा शेतात वाढलेली, जमिनी विकल्यावर नाइलाजानं बिल्डिंगीत राहायला गेलेली. तिनं कुणालाही न विचारता दुधी लावला.

दुधीच का, हे फक्त तिच्या नवऱ्याला, लडकूला, ठाऊक होतं. लेक करिष्मा काल्हेरला दिलेली. शेअर रिक्षात बसलं की आलंच माहेर. पण गोडाऊनमध्ये आल्यापासून हौसानं तिला एकदाही बोलावलं नव्हतं. माहेरपणाला आलेली लेक परत निघाली की तिच्या हातात ठेवायचं काय, संस्थेची खिचडी? वेलाला दुधी धरू दे, मग बोलावते, असं ती लडकूला ऐकवायची. लेकीचा फोन आला की इथं सध्या फार गडबड आहे म्हणून सांगायची, आणि फोन ठेवला की पडद्याआड बसून डोळे पुसायची. जीव तुटत होता, पण हट्ट सुटत नव्हता.

वेलाला बोटभर दुधी लागले आणि एकामागून एक पिवळे पडून गळाले. हौसानं गुन्हेगार लगेच शोधला. शेजारच्या पडद्यातल्या सुचेताबाई, शाळेत शिकवणाऱ्या. रोज बागेत यायच्या आणि एकेका दुधीवर बोट रोखून मोठ्यानं मोजायच्या. कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते कुजतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, आणि ही बाई पोरांना शिकवते! हौसानं भर बागेत तिची हजेरी घेतली आणि त्याच दिवसापासून सगळ्यांच्या बोटांवर बंदी आली.

सुचेताबाईंचं म्हणणं वेगळंच होतं. चारी बाजूंना पत्रे आणि ट्रक, इथे मधमाशी फिरकणार कुठून? नराचं फूल मादीच्या फुलाला आपणच हातानं लावायला हवं. हौसा म्हणाली, फुलांची लग्नं लावायची तर खुशाल लावा, पण बोट मिटून. सुचेताबाई रुसल्या, मग विरघळल्या. दिवेलागणीला दुधीची फुलं उमलली की त्या नराचं फूल खुडून वेलभर फिरवायच्या, आणि हौसा बघत असेल म्हणून तर्जनी तेवढी दुमडून घ्यायच्या.

अखेर एक दुधी टिकला. तो कुणामुळे टिकला यावरून दोघींचं वाजलं, पण त्याला पाणी मात्र दोघींनी घातलं.

आणि नेमके तेव्हाच संस्थेचे मोठे साहेब बाग बघायला आले, सोबत कॅमेरावाला घेऊन. साहेब वेलाखाली वाकले आणि मोठ्या कौतुकानं त्या एकुलत्या एक दुधीवर सरळ बोट रोखून विचारते झाले, हा कुणाचा? लेकीचं येणं पुन्हा लांबलं, एवढंच हौसाच्या मनात आलं. तिला रडूच येणार होतं, पण आधी राग आला.

"साहेब, ता बोट चावा," ती म्हणाली.

ज्यानं बोट दाखवलं त्यानं ते चावलं की दोष जातो, हा त्यावरचा उतारा. साहेबांनी मोठ्या आशेनं सुचेताबाईंकडे पाहिलं, निदान शिकलेली बाई तरी सोडवेल म्हणून. या गोष्टीवर काडीचाही विश्वास नसलेल्या सुचेताबाई अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "चावा साहेब. आम्ही सगळ्यांनी चावलंय."

साहेबांनी चावलं. हौसाला ते लटकं वाटलं, म्हणून पुन्हा नीट चावलं.

रिक्षावाल्यांच्या तोंडी पडलेली ही गोष्ट काल्हेरला पोचली, तोवर तिच्यात साहेबाचं बोट तुटलेलं होतं. असं काम एकच बाई करू शकते हे करिष्मानं ओळखलं, आणि ती न कळवता, न बोलावता गोडाऊनच्या दारात येऊन उभी राहिली.

हौसा गोंधळून गेली. ये म्हणायचं सोडून, दुधी अजून लहान आहे, हात रिकामा आहे, असंच काहीबाही सांगत राहिली. करिष्मा सरळ मागे बागेत गेली. दुधी जेमतेम वीतभर झाला होता.

"याच्यापायी मना बोलावली न्हाय?" तिनं बोट रोखलं, इतकं जवळ की ते दुधीला टेकलंच. "आये, मना वाटला तू पोरीला इसरलीस."

हौसानं लेकीचं ते बोट धरलं, स्वतःच्या तोंडाशी नेलं आणि हळूच चावलं. करिष्मा लहानपणी मळ्यातल्या काकड्यांना बोट दाखवायची, तेव्हा हौसा असंच चावायची. मग दोघी तिथेच वाफ्यात बसून पोटभर रडल्या. सुचेताबाईही रडल्या आणि वर म्हणाल्या की डोळ्यात धूळ गेली.

करिष्मा दोन ताटं खिचडी जेवली आणि साडीच्या पडद्याआड आईच्या मांडीवर डोकं ठेवून दुपारभर झोपली. संध्याकाळी ती रिकाम्या हातानं निघाली, तेव्हा हौसा तिला रिक्षापर्यंत सोडायला आली.

"दुधी मोठा झाला का न्यायला ये," हौसा म्हणाली. रिक्षा सुरू झाली तशी ती दोन पावलं मागोमाग गेली. "आन न्हाय झाला तरी ये."