डावी नाकपुडी

माझे यजमान दीनानाथ घोरायचे, आणि मी धायरीतल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रोज सकाळी प्राणायाम शिकवायची. या दोन्ही गोष्टी एकाच घरात असाव्यात, याचा मला राग यायचा.

त्यांच्या नाकाचा पडदा वाकडा होता. डावी नाकपुडी जवळजवळ बंद, त्यामुळे झोपेत तोंडानेच श्वास. दोन वर्षांपूर्वी जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी तपासण्या करून मला समजावलं, "काकू, झोपेत यांचा श्वास मध्येमध्ये थांबतो. रक्तातला प्राणवायू कमी होतो आणि दर वेळी हृदयावर ताण येतो. ते आधीच थकलंय. नाकाचं ऑपरेशन करून घ्या, झोपताना मशीन लावा."

"कापाकापी कशाला, नि मशीन तरी कशाला? अनुलोम-विलोम नीट केलं की सगळं मोकळं होतं," मी फणकारले.

दुसऱ्या दिवसापासून ह्यांना वर्गात पहिल्या रांगेत बसवलं. उजवी नाकपुडी दाबली की ह्यांचा चेहरा लालबुंद व्हायचा. मी सगळ्यांसमोर म्हणायची, "अहो, जरा मन लावून करा!"

"मन केव्हाच लावलंय. हवेला कोणी कळवलेलं दिसत नाही."

वर्ग हसायचा. मीही हसायची.

गेल्या श्रावणात एका सकाळी मी चहा घेऊन गेले, तर हे उठलेच नाहीत. झोपेतच हृदय बंद पडलं होतं.

तेरावं झाल्यावर मी डॉक्टरांकडे गेले. कोणीतरी मला फाडफाड बोलावं असं वाटत होतं. "माझ्या हट्टापायी गेले ना?" मी सरळच विचारलं.

"ऑपरेशनने वाचलेच असते, असं मी म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पण मार्चमध्ये त्यांनी स्वतः येऊन तारीख घेतली होती. तुम्हाला बोलले नाहीत?"

"नाही. मग?" मी विचारलं.

"आदल्या दिवशी रद्द केली. म्हणाले, हिच्या वर्गाला चाळीस माणसं येतात. घरच्या माणसालाच गुण आला नाही म्हटल्यावर तिच्यावर विश्वास कोण ठेवील?"

वर्गात चाळीस माणसं कधीच नव्हती. अकरा होती. सतरंज्या हेच घालायचे, तेव्हा आकडा त्यांना पक्का ठाऊक होता. डॉक्टरांपुढेसुद्धा त्यांनी माझी लाज राखली. मी अकरा माणसांपुढे त्यांची एकदाही राखली नाही.