सोमवारचा खोकला

मित्रांनो, घरासमोरच्या पत्र्याखाली उभी असलेली राखाडी रंगाची मोटार, ती मीच. माझे वय सव्वीस वर्षे आहे आणि खरे सांगावयाचे तर मी आता थकले आहे.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझ्या चकचकीत अंगात माणसाचे तोंड दिसत असे. माझे मालक दवाखान्यात कंपाउंडर होते. स्वच्छता हा त्यांचा धर्मच म्हणा ना. पुसल्याशिवाय बाटली फळीवर ठेवायची नाही, हात धुतल्याशिवाय रोग्यास शिवायचे नाही. त्याच निष्ठेने त्यांनी मला सांभाळले. शेजारी म्हणत, "गाडी असावी तर अशी." तारुण्यात अशा स्तुतीने ऊर भरून येतो. आता आठवले की नुसता शीण वाटतो.

गेल्या वर्षी मालकीणबाईंच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. दर सोमवारी व गुरुवारी रक्त शुद्ध करून घेण्यास त्यांना रुग्णालयात न्यावे लागे. परतताना त्यांना बसवत नसे. माझी पुढची सीट पार मागे कलते, म्हणून त्या माझ्यातच आडव्या होऊन येत. आणि नेमकी याच काळात मला खोड जडली. चार सिलिंडरांपैकी एक पेटेचना, आणि इंजिन लंगड्या बैलासारखे चालू लागले. मिस्त्री लोक यास 'मिसिंग' म्हणतात. नवल असे की सोमवारी मी खोकत असे आणि गुरुवारी ठणठणीत.

सोमवार रुग्णालयातच सरे, म्हणून मालक मला मंगळवारी गॅरेजात नेत. एकाने प्लग बदलले, दुसऱ्याने वायरी बदलल्या, तिसऱ्याने पेट्रोलला दोष दिला. चौथा म्हणाला, "काका, गाडीला काही झालेलं नाही. तुमच्या कानांना झालंय." मित्रांनो, कोठे दुखते ते रोग्यास कळते, का दुखते ते कळत नाही. त्यात मी पडले मुकी. माझे बॉनेट उघडले जाई, बंद होई, आणि मी निमूट घरी येई.

मग एका सोमवारी मी भर चौकात बंद पडले. बाईंची रुग्णालयातील ठरलेली वेळ हुकली. दुसरी वेळ मिळेपर्यंत त्यांना धाप लागून राहिली. मुलगा म्हणाला, "बाबा, पुढच्या सोमवारी अडली तर भंगारवाल्याला बोलावतो. आईच्या जिवापेक्षा गाडी मोठी नाही." त्यात खोटे काय होते?

रविवारी मालकांनी पहिल्या मिस्त्रीला घरीच बोलावले. तो आला तेव्हा मालक बॉनेट उघडून माझ्या इंजिनावर पाईपने पाणी सोडत होते.

"काका, हे काय चाललंय?"

"उद्या हिला गाडीत बसायचंय. इंजिनातले जंतू आत येतात."

"कधीपासून धुताय?"

"ही आजारी पडल्यापासून. दर रविवारी."

मिस्त्रीने पाईप बाजूला केला आणि तिसऱ्या प्लगची टोपी उपसली. प्लग बसतो ती खोलगट जागा काठोकाठ भरली होती.

"हे बघा तुमचं मिसिंग. पाण्यात ठिणगी कशी पडणार? सोमवारी इंजिन तापतं, पाणी आटतं. मंगळवारी आमच्याकडे आणता तेव्हा सगळं कोरडं. आम्ही शोधायचं तरी काय?"

मालक पायरीवर बसले. "म्हणजे हिला चौकात अडकवली ती मीच."

बाई दारातून म्हणाल्या, "अहो, पुरे. मला एवढं धुतलं असतंत तर मीही कधीच बंद पडले असते."

मिस्त्री हसला. मालकांना हसू आले नाही. त्यांनी आतून आपला जुना धुतलेला सदरा आणला आणि एकेक खळगा टिपून कोरडा केला.

सोमवारी मी खोकले नाही. चौक आला. चौक मागे पडला. बाई वेळेवर पोहोचल्या आणि परतताना माझ्या सीटवर गाढ झोपी गेल्या.

मी बरी झाले असे मात्र मला म्हणवत नाही. सव्वीस वर्षांचा शीण टिपून निघत नाही. बाईंच्या खेपा आहेत तोवर ओढत राहीन. मित्रांनो, तुमच्यापाशी एवढेच मागणे आहे. माणसाची असो वा मुक्या वस्तूची, सेवा करताना मधेच क्षणभर थांबा, आणि आपल्याच हातून इजा तर होत नाही ना, तेवढे पाहा.