अण्णांचा उजवा हात

"मामा, कबुतरालाच वारं गेलं, तर त्याला काय खायला घालता?"

ऋतिकाने विचारलंच. "तुझी छाती न्हाय गं," असं दिव्या सकाळी अख्ख्या वर्गासमोर म्हणाली होती. आता पैज हरलेल्या दिव्यालाच उद्या तिला गोबी मंचुरीची प्लेट खायला घालावी लागणार होती.

मष्णूमामांचा तेलकट हात अण्णांच्या लुळ्या उजव्या हाताच्या दंडावर थांबला. दर गुरुवारी ते उचगावहून स्कूटरवर येत, हँडलला कबुतराचा पिंजरा अडकवून. दंडाला तेल आणि पोटात कबुतराचा रस्सा, की लकव्याचं वारं उतरलंच, असं निम्मं वडगाव मानत होतं.

"पोरगी लई शिकलीया, नागेंद्र."

"दहावीत हाय," अण्णा म्हणाले. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत.

"दहावीत हाय म्हणूनच सांगते," ऋतिका म्हणाली. "हे वारं न्हायच. तोंड वाकडं झालंय? पाय ओढतोय? लाईट गेलती तेव्हा मागाच्या पट्टीवर दंड टाकून तीन तास झोपलं हे. शीर चेंगरली. मेंदू 'उचल' म्हणतोय, निरोप मनगटातल्या स्नायूला पोचत न्हाय, एवढंच. आपोआप भरून येतंय."

"निरोप? आत पोस्टमन हाय व्हय?"

"पोस्टमन परवडला मामा. कबुतरं तरी मारत न्हाय."

"ऋते!" आई आतून ओरडली.

मामा पिंजरा आईच्या हाती देऊन निघून गेले. जाताना त्यांनी ऋतिकाकडे पाहिलंही नाही. तिने मात्र त्यांच्या स्कूटरचा धूर दिसेनासा होईपर्यंत मान ताठ ठेवली.

मामांची तिला कीव येत होती. राग येत होता तो अण्णांचा. सहा आठवडे चारही माग बंद होते. रविवारी खासबागेचा परशराम येऊन ते विकत घेऊन खोलून नेणार होता, आणि अण्णा नात्यातल्या श्रेयसदादाच्या साडीच्या दुकानात बसून लोकांनी विणलेल्या साड्या गिऱ्हाइकांना दाखवणार होते. ज्यांच्या काठांवर बायका नुसता हात फिरवून म्हणत, ही नागेंद्रची, ते अण्णा! एका कबुतरवाल्याने लकवा म्हटलं म्हणून!

आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं. मागाच्या खोलीच्या उंबऱ्यात बसून ते पेपर शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचत. पूर्वी जेवताना मीठ मागायचं तरी मागाच्या धडधडीवर ओरडल्यासारखं मागत; हल्ली हळू आवाजात, आईला नुसतं "रचना, मीठ" म्हणत. हा आजाऱ्याचा आवाज नाही, आळशाचा आहे, असं ऋतिकाने मनाशी केव्हाच ठरवून टाकलं होतं.

तासाभराने तिने चहाचा पेला अण्णांच्या शेजारी स्टुलावर आदळला आणि विज्ञानाचं पुस्तक उघडलं.

"पायावर पाय टाका. आता गंमत बघा."

तळहाताच्या कडेने तिने त्यांच्या गुडघ्याखाली टोला मारला. पाय उडाला.

"बघितलंसा? मेंदूला न विचारता उडाला. मज्जारज्जूनंच हुकूम दिला. लकवा म्हणे! तुमच्यापेक्षा तुमचा गुडघा शहाणा हाय, अण्णा."

पुस्तक मिटताना तिचा कोपर स्टुलाला लागला. पेला कलंडला, काठावरून निसटला.

अण्णांनी तो पकडला.

उजव्या हाताने. मनगट सरळ, पाचही बोटं उघडून पेल्याभोवती मिटलेली. थोडा चहा फरशीवर सांडला, बाकी पेल्यातच राहिला.

दोघंही त्या हाताकडे बघत राहिली. मग अण्णांनी पेला सावकाश स्टुलावर ठेवला. हात मांडीवर घेतला. मनगट वाकवलं आणि एकेक बोट खाली सोडलं, सहा आठवडे लोंबत होतं अगदी तसं.

भिंतीपलीकडे शेजारच्यांचे माग धडधडत होते. अण्णांनी तिकडून मान वळवून घेतली.

"बारा वर्षांचा होतो गं," ते म्हणाले, त्या नव्या, हळू आवाजात. "पहिल्यांदा मागावर बसलो तेव्हा."

आई रश्श्याची वाटी घेऊन आली. "हे काय? चहा कुणी सांडला?"

"मी," ऋतिका म्हणाली.

ती उठली. मघाशी मामांसमोर उभी होती तशीच, हनुवटी वर करून.

"आणि दोघंबी ऐका. मी ठरवलंय. रविवारी परशरामकाका आले की मी आडवी येणार न्हाय. न्हेऊ देत माग. त्या धडधडीत माझा अभ्यास हुईत न्हाय. गल्लीत कुणी विचारलं तर सांगा, पोरीनं हट्ट केला, पोरीला माग नको झालेत."

आई तिच्याकडे बघतच राहिली. "अगं, कालपर्यंत तर तूच..."

"काल काल होता."

तिने आईच्या हातातली वाटी घेतली आणि अण्णांच्या पुढे धरली. त्यांचा उजवा हात मांडीवरून किंचित उचलला गेला.

"डाव्या हातानं, अण्णा," ऋतिका म्हणाली. "आणि सगळा संपवायचा."