माझ्या तासाची मजुरी

पातेल्यातल्या पिरोही, बटाटा भरलेल्या करंज्या, उकळत्या पाण्यावर तरंगू लागल्या.

बाहेर वजा चौतीस अंश.

लेकीच्या दातांना तारा बसल्या.

डार्लीनने शाळेच्या खानावळीत आणखी एक पाळी मागून घेतली.

इंजिनात एक पिस्टन कोरडाच खरवडला.

मित्रांनो, हे सगळं एकाच हिवाळ्यातलं आहे. त्यातला पिस्टन माझा.

मी एक जुना जनरेटर आहे, वेल्डिंगचा. ओरेस्ट बोइचुकच्या ट्रकवर बसून मी कॅनडातल्या अल्बर्टाच्या तेलविहिरी पालथ्या घातल्या. माझ्या विजेवर त्याने जोडलेल्या नळांतून आजही तेल वाहतं.

आमच्याकडे एक रीत आहे. वेल्डरला तासाची मजुरी मिळते, आणि त्याच्या ट्रकला नि यंत्राला वेगळी. ओरेस्ट म्हणायचा, "हा माझा तास, हा याचा." माझ्या तासातून डिझेल, तेल, रॉड यायचे. उरलेलं कॉफीच्या डब्यात पडायचं.

"गड्याची मजुरी आहे," तो बायकोला, डार्लीनला, बजावायचा. "तिला हात लावू नकोस."

मला केवढा अभिमान होता. किती यंत्रांना स्वतःची मजुरी असते?

मग तेलाचे भाव पडले आणि काम सुटलं. घराचं कर्ज होतं, बर्फावरच्या दोन स्कूटरचं होतं. ओरेस्टने दिवाळखोरी जाहीर केली. विश्वस्त म्हणून नेमलेल्या फ्रीसन बाई अंगणात आल्या. धंद्याचं साधन म्हणून मला त्याच्याकडेच ठेवलं. काही दिवसांनी कामही पुन्हा मिळालं.

"पगार तुमचाच राहील," बाई म्हणाल्या. "पण घरात माणसं किती, त्यावरून एक रेघ ठरते. रेघेच्या वर जे येईल त्यातलं अर्धं देणेकऱ्यांना. डार्लीनची कमाईही धरायची."

"म्हणजे बटाटे हिने सोलायचे आणि खायचे बँकेने?"

"कायदा मी नाही केला, ओरेस्ट. रेघेच्या वर राहिलात तर दिवाळखोरीतून सुटका नऊ महिन्यांत नाही, एकवीस महिन्यांत."

त्याने माझ्याकडे बोट केलं. "आणि याचा तास?"

"तीही तुमचीच कमाई. पण यंत्रावर जे खरोखर खर्च कराल, ते वजा होईल. पावत्या आणत जा."

मी सुखावलो. माझ्या पिस्टनच्या कड्या झिजल्या होत्या. आता त्या बदलतील, असं मला वाटलं.

डार्लीनचा भाऊ मेट्रो याचं मुंडेअर गावात गॅरेज होतं. ओरेस्ट मला तिथे घेऊन गेला.

"दाजी, पावतीवर काय काय लिहू?"

"कड्या लिही. तेल, बेअरिंग."

"आणि करू काय काय?"

"काही नको. वसंतात बघू."

मेट्रो हसला. "कागदावर तरी गड्याची चैन आहे."

दर महिन्याला असंच. कागदावर माझ्याइतका धडधाकट जनरेटर साऱ्या अल्बर्टात नव्हता. त्यामुळे ओरेस्टची कमाई रेघेखाली दिसत राहिली. माझी मजुरी घरात गेली. लेकीच्या दातांच्या तारा तिच्यातूनच आल्या, त्याचं मला दुःख नाही. पण काळं, पातळ झालेलं तेल पोटात घेऊन मी रोज उभा राहायचो, आणि ओरेस्ट माझ्या पत्र्यावर थाप मारून म्हणायचा, "सोस गड्या थोडं." मी विश्वास ठेवला.

त्या वजा चौतीसच्या सकाळी जोडाच्या मध्यावर माझं इंजिन जाम झालं. मुकादम म्हणाला, "यंत्र नाही तर तूही नाहीस. घरी जा."

आता ओरेस्टची कमाई खरोखरच रेघेखाली गेली.

फ्रीसन बाईंना कळवळा आला. त्या पुन्हा अंगणात आल्या. "गेल्याच महिन्यात नव्या कड्या बसवल्या होत्या ना? मग गॅरेजवाल्याकडून भरपाई मागू या." ओरेस्ट नको नको म्हणेपर्यंत त्यांनी सगळ्यांना ऐकू येईल असा फोन लावलाही.

"मी कड्या दिल्या होत्या, बाई," मेट्रोचा आवाज आला. "दाजींनी बसवल्याच नसतील."

बाईंनी माझं इंजिन उघडायला सांगितलं. नवं काहीच नव्हतं. ते महिने पुन्हा मोजले गेले, माझा तास त्यात धरला गेला आणि सुटका लांबली.

ओरेस्ट मेट्रोला काही बोलला नाही. डार्लीनपाशी फक्त म्हणाला, "या भंगाराने माझा घात केला."

मित्रांनो, हे मी ऐकलं.

आता तो दुसऱ्याच्या यंत्रावर काम करतो. त्याला फक्त त्याचा तास मिळतो. मी मेट्रोच्या गॅरेजमागे, बर्फात आहे.

पैसा कमी पडतो तेव्हा माणसं काय काय करतात, ते मी पाहिलं आहे. मी न्याय करणारा कोण? कायद्यानेही माझ्या खर्चासाठी जागा ठेवली होती. माझं मागणं एवढंच आहे. माझ्या नावाने लिहिलेलं तेल माझ्यात घाला.

ओरेस्टने मला विकत घेतलं त्या दिवशी, किल्ली फिरवण्याआधी, त्याने माझं तेल तपासलं होतं.